दिव्याच्या निबंधातला माझा कान

ती. सुमनताईस,

महाळुंग्याहून धाकट्याचा पाया पडून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींची शुगर? (पत्राचा फोटो त्यांच्याच मोबाइलवर येतोय, तेव्हा त्यांनी आधी वाचलं तर त्यांनाही नमस्कार, आणि राग नको.) आमचं मजेत आहे असं म्हणवत नाही. मी पार कात्रीत सापडलोय, आणि तेही तुझ्या भाचीमुळं.

दिव्याला एका नव्या विद्यापीठात जायचंय. तिथं नुसते मार्क चालत नाहीत. कुठल्या विषयाची आवड आहे आणि का, ते पाचशे शब्दांत लिहून द्यायचं, शुक्रवारी पाचच्या आत. स्कॉलरशिप त्याच्यावर ठरणार, आणि ती नाही मिळाली तर तिथं शिकणं आपल्या आवाक्यातलं नाही. पोरीनं लिहिलं, 'मला ध्वनिशास्त्राची लहानपणापासून आवड आहे.' असल्या वाक्यावर कोण काय देणार? मी अठरा वर्षं प्रेस शॉपमधला, पत्रा ठोकायच्या मशीनवरचा माणूस. आमच्याकडं पार्ट खराब निघाला की पाच वेळा 'का' विचारायचं, म्हणजे मूळ कारण सापडतं. तिला समोर बसवलं. आवड का? आवाज कसा पसरतो ते कळतं म्हणून. ते कशाला कळायला हवं? मशीनच्या आवाजाचा माणसावर काय परिणाम होतो ते मोजायचंय. का? माणसं बहिरी होतात. मग तुला का त्याचं एवढं? पोरीनं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "पप्पा, तुम्हाला डाव्या कानानं ऐकू येत नाही, म्हणून." पाचवा 'का' विचारायची गरजच उरली नाही.

हे कुणालाच माहीत नाही अशी माझी समजूत होती. कंपनीत दर वर्षी कान तपासायला हेडफोन घालून काचेच्या खोलीत बसवतात, आवाज आला की बटण दाबायचं. मी आवाजाची वाटच बघत नाही, काचेतून तपासणाऱ्या मॅडमचा हात दिसतो, तो हलला की दाबतो. चार वर्षं पास. (गेल्या खेपेला त्यांनी नाक खाजवलं तेव्हाही दाबलं. म्हणाल्या, फार तिखट कान आहेत तुमचे.) पण गेल्या महिन्यात डावीकडून फोर्कलिफ्ट हॉर्न वाजवत आली, आणि शेजारच्या मशीनवरच्या भैरूनं कॉलर धरून ओढलं नसतं तर हे पत्र तुला दुसऱ्याच कुणीतरी लिहिलं असतं. घरी मी ते हसत सांगितलं होतं. दिव्या हसली नव्हती. कान, फोर्कलिफ्ट, सगळं तिनं निबंधात घातलंय, आणि ताई, वाचून मला रडू आलं. स्कॉलरशिप मिळेलच. पण आमच्या साहेबांचा मुलगा तिथंच शिकतो, अन् अशा गोष्टी फिरतात. मला प्रेसवरून उचलून गेटवर बसवतील. भीती वाटते, खोटं कशाला सांगू?

तुझा,
ज्योतीराम

ता. क. : मुख्य काम राहिलंच. भाऊजींचा कान देता का? 'माझे वडील'च्या जागी 'माझ्या आत्याचे यजमान' लिहायचं. ते रिटायर झालेत, त्यांना कोण काढणार? (शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या ते मोजतात, हे विद्यापीठाला कुठून कळणार?) तू दिव्याला फोन करून पटव.

ता. ता. क. : वरचं खोडलंय असं समज. दिव्यानं पत्र वाचलं, अन् माझ्यासमोर होता तस्साच निबंध पाठवून दिला. मी अडवलं नाही. सोमवारी अकराला संत तुकाराम नगरात कानाच्या डॉक्टरांकडं नंबर लावलाय. दिव्या येते म्हणते, पण ते काय सांगतील ते तिनं आधी ऐकावं असं मला वाटत नाही. तिच्या आईला, साधनाला, अजून सांगितलेलं नाही. तू ये. डॉक्टर मास्क लावून बोलतात, ताई, आणि ओठ दिसले नाहीत तर मला आता काहीच कळत नाही.