चमन मुजावरांवर पहिला हक्क माझा

रविवार, २ नोव्हेंबर. दुपारी १.

रेडिओवरचा माझा शो 'निळी म्हैस' झाला. आजचा सातशे एकोणिसावा. मीच मोजतो, स्टेशनात दुसरं कुणी मोजत नाही.

आज चमन मुजावरांचं 'बॉयलरमधला चंद्र' वाजवलं. म्हणजे साधारण निम्मं. सुरुवातीच्या बेंजोवर मी बोललो, मधल्या हलगीवर स्टेशनची जिंगल टाकली, शेवटच्या कडव्यावर पुन्हा मी. हे मुद्दाम. गाणं मोकळं सोडलं की लोक मोबाईलवर रेकॉर्ड करतात आणि मग कुणीही उठून चमनभक्त होतो. १९८५ साली कसबा बावड्यातल्या एका खोलीत रेकॉर्ड झालेली ती एकच कॅसेट, 'उसाच्या आत कोण बोलतंय'. सहा गाणी; त्यातल्याच 'निळी म्हैस'वरून माझ्या शोचं नाव. फुटक्या भोंग्यातून काढलेला बेंजो, मागं साखर कारखान्याचा घरघराट. तिची शिल्लक असलेली एकमेव प्रत माझ्या कपाटात, बायकोच्या, संयोगिताच्या, पैठणीखाली. (बाळासोमामाच्या टेम्पोत सापडली. मामा तिचा उपयोग दाराला पाचर म्हणून करत होता.)

मराठीत सायकेडेलिक रॉक लिहिणारा माणूस एकच झाला. तो समजलेला माणूसही एकच.

संकल्प: चमनजींवर ग्रंथ. प्रस्तावना ते स्वतः लिहितील. आमची अजून भेट झालेली नाही, पण तशी गरजही पडलेली नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर.

चहाला अबुजर शेजारी येऊन बसला. सकाळचा शो करतो, 'उठा की पावणं'. वय सत्तावीस. भाजीचे दर सांगतो आणि लोकांना हसवतो. लोक खूप ऐकतात म्हणे. गुऱ्हाळावर माशाही खूप असतात.

म्हणाला, "सर, ते निळी म्हैस गाणं एकदा पूर्ण ऐकवा की. तुमच्या बोलण्याच्या फटीतनं जेवढं ऐकू येतंय, तेवढ्यानंच येडा झालोय."

'फटीतनं' ह्या शब्दावर मी थांबलो. मग मोठ्या मनानं सोडून दिलं. सांगितलं, "ह्याला कान तयार लागतो. पाच-सहा वर्षांनी ये."

"बरं सर," म्हणाला आणि माझ्याही चहाचे पैसे देऊन गेला. सावध राहायला हवं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर. सकाळी १०.

घात. अबुजरनं आज वांग्याच्या दरानंतर दोन ओळी नुसत्या गुणगुणल्या:

निळी म्हैस बसली पाण्यात, पाणी उठून गेलं
शिंगाला अडकलं आभाळ, कुणी न्हाय सोडवलं

त्यावर चौसष्ट फोन. बावड्याच्या कुणा झुंबरबाईंनी ऑन एअर डोळे पुसले. सातशे एकोणीस रविवारांत माझ्या शोला एकही बाई रडलेली नाही. कारण उघड आहे, माझी मांडणी बौद्धिक असते.

संकल्प: १) जळायचं नाही. २) अबुजर भेटला की हसायचं. ३) झुंबरबाईंचा नंबर मिळवायचा.

रविवार, ९ नोव्हेंबर. दुपारी १.

शोमध्ये नाव न घेता टोला हाणला. "काही नवखे वांग्याच्या दरात म्हैस विकू पाहतात." उत्तम वाक्य. मग नेहमीचं गूढ: "चमन मुजावर आज कुठं आहेत, हयात तरी आहेत का, कुणालाही ठाऊक नाही." इथं तीन सेकंद शांतता. अशी शांतता कोल्हापुरात दुसऱ्या कुणाला घेता येत नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर.

चमनजी सापडले. अबुजरला.

मुरगूडला असतात. त्यांची पिठाची गिरणी आहे. मी विचारलं, "शोधलंस कसं?" म्हणाला, "स्टँडवर विचारलं सर. पहिल्या दोघास्नी म्हाईत न्हवतं. तिसऱ्यानं गाडीवरनं गिरणीपर्यंत सोडलं."

मोबाईलवर फोटो दाखवला. चमनजींच्या भुवयांवर पीठ. शेजारी अबुजर भाकरी खातोय. त्यांच्या घरची. मी फोटो मोठा करून बघितला. ज्वारीची होती.

नोंद: २०१३ साली मी स्वतः मुरगूडच्या अलीकडच्या फाट्यापर्यंत गेलतो. तिथून परत आलो, कारण गूढ राखणं हेही एक कामच असतं. नुसतं जाऊन भेटणं काय, कुणालाही जमतं.

घरी सांगितलं तर संयोगिता म्हणाली, "चौदा वर्षं कुठं हाईत कुठं हाईत म्हणून रेडिओवर बोंबलताय. माझी मावसबहीण मुरगूडातच दिलीया. मला तरी विचारायचं!"

तिला संशोधन कळत नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर.

मीटिंग. आमच्या हेड प्रियदर्शनी मॅडम म्हणाल्या, तीस तारखेला चमनजी स्टुडिओत येणार. लाइव्ह. तेही माझ्याच स्लॉटमध्ये. मी उठून आभार मानायला सुरुवात केली. मॅडम म्हणाल्या, "बसा सर. मुलाखत अबुजर घेतोय. ते म्हणाले, गिरणीत आलेल्या पोराशीच बोलणार."

चमनजींची एकच अट आहे. 'निळी म्हैस' कॅसेटवरूनच वाजवायची, टेप संपेपर्यंत, आणि मध्ये कुणी बोलायचं नाही. त्यांची स्वतःची प्रत २०१९च्या पुरात गेली.

मी बाणा दाखवला. कॅसेट हवी तर मुलाखत माझी. दोन्ही एकत्र, नाहीतर काहीच नाही. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "कॅसेट तुमचीच हो सर. आणि ती वाजवणार पण तुम्हीच. तुमच्याशिवाय हितं कॅसेट डेक येतोय कुणाला?"

हे बरोबरच आहे. मान्य केलं.

म्हणजे काचेच्या आत अबुजर आणि चमनजी, काचेच्या बाहेर मी. हरकत नाही. योजना तयार आहे: गाणं संपलं की मी सहज दार उघडून आत जाणार. चमनजी विचारणार, "हे कोण?" अबुजरला सांगावंच लागणार, "चौदा वर्षं तुम्हाला जिवंत ठेवणारे ते हेच." मग तिसरी खुर्ची. ती मी आजच ओढून आत ठेवली.

शनिवार, १५ नोव्हेंबर.

अबुजर पुन्हा. "सर, टेप चाळीस वर्षांची हाय. वाजवताना तुटली तर? आधी एक कॉपी काढून ठिवू या."

बघा. चेहरा किती भोळा. कॉपी निघाली की तो आणि मी सारखेच. नाही म्हटलं. "कॅसेट माझ्या हातात कधीच तुटणार नाही."

पण नवी काळजी लागली. स्टेशनवर जे वाजतं ते आपोआप कॉम्प्युटरवर साठतं. एकदा पूर्ण वाजली की ती माझी राहत नाही. उद्या सगळ्या गावाच्या मोबाईलवर, कुठं माझं नाव नाही, गाव नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर. सकाळी ११.

मार्ग सापडला. स्वयंपाकघरात!

पातेल्यातून दूध घेताना नाव दिसलं: 'कै. गणपतराव सरनोबत यांचे स्मरणार्थ.' आपल्याकडे भांडं घेतलं की आधी नाव घालून घेतात. लग्नाकार्यात साऱ्या मंगळवार पेठेत फिरून आलं तरी ते नाव वाचून बिनचूक घरी येतं. मग कॅसेटलाच नाव का नको?

गाण्यात ढवळाढवळ नाही, मी भक्त आहे. पण 'निळी म्हैस' बाजूच्या शेवटी आहे आणि ती संपल्यावर चाळीसेक सेकंद टेप मोकळीच आहे. अगदी मोकळी नाही. मशीन बंद करायचं राहून गेलेलं दिसतं. बांगड्या वाजतात, एक बाई काहीतरी बोलते. त्या काळी रेकॉर्डिंगला शिस्त नव्हती. कामाचं काही नाही.

कॅसेटच्या वरच्या दोन खाचांवर चिकटपट्टी लावली, म्हणजे तीवर पुन्हा रेकॉर्ड करता येतं, आणि डेकला माईक जोडला. "ही कॅसेट विजयसिंह सरनोबत, मंगळवार पेठ, कोल्हापूर, यांच्या मालकीची आहे. नक्कल करू नये." पहिल्या टेकला कुकरची शिट्टी आली. दुसऱ्याला खोकला. तिसरा टेक झकास, टेप संपेपर्यंत रेकॉर्डिंग चालूच ठेवलं. आवाजाला असा बेस गेल्या दहा वर्षांत लागला नव्हता.

आता वाजवा किती वाजवायची ती.

रविवार, २३ नोव्हेंबर.

आरशासमोर चकित होण्याचा सराव. "अरे, मला बोलावताय?" भुवई डावी. उजवी वर गेली की कट रचल्यासारखं वाटतं. बारा मिनिटांचं उत्स्फूर्त भाषण पाठ झालं. नवा झब्बा. संयोगिता म्हणाली, "कुणाचं लगीन हाय?"

अबुजर दिवसभर मुरगूडला होता. रविवारी. सुट्टीच्या दिवशी. काय करत होतास विचारलं तर म्हणाला, "चाचांच्या गिरणीचा पट्टा तुटलावता सर, बदलून दिला."

हे असले मार्ग मी कधीही पत्करणार नाही.

रविवार, ३० नोव्हेंबर. सकाळी ८.

निघालो. आजचा दिवस कोल्हापूर लक्षात ठेवील.

रविवार, ३० नोव्हेंबर. दुपारी ४.

घडलं तसं लिहितो.

चमनजी वेळेआधी आले. बुटके. धुवट पांढरा शर्ट, कानाच्या पाळीत पीठ. मी पुढं होऊन वाकणार, तोवर त्यांनी माझ्या हातातली वायर बघितली आणि अबुजरला म्हणाले, "वायरमनला च्या दिलास का?" अबुजर तोंड उघडणार होता, मी हातानं थांबवलं. ओळख योग्य वेळी व्हायला हवी.

अबुजरनं पहिलाच प्रश्न विचारला, "चाचा, निळी म्हैस खरंच दिसली हुती काय?"

"दिसली म्हंजे? आमचीच हुती की! माझ्या बायकूनं, रोशनबीनं, कापडांसाठी नीळ कालवून ठिवलेली. म्हशीनं शिंगानं बादली उपडी करून घेतली अंगावर. चार दिस निळी हिंडत हुती बावड्यातनं. लोक हात जोडायला लागले."

सगळं स्टेशन हसलं. माझ्या ग्रंथाचं चौथं प्रकरण गेलं: 'निळा रंग आणि शून्याची जाणीव'. साठ पानं.

मग अबुजर म्हणाला, "चाची असत्या तर आज हसल्या असत्या." चमनजी म्हणाले, "नऊ वर्सं झाली जाऊन. फोटो हाईत. आवाज मातर कुठंच न्हाय, एवढ्या एका कॅसेटीत सोडला तर. गाणं संपलं, मशीन तसंच चालू ऱ्हायलं आणि ही च्या घेऊन आली. कायतरी बोलली मला. ते एकदा ऐकायचं म्हणून आलोय बघ. न्हायतर रेडिओ-बिडिओचं मला काय!"

अबुजरनं काचेतून मला खूण केली. मॅडम माझ्या पाठीशी उभ्या होत्या. मी बटण दाबलं.

गाणं सहा मिनिटं वीस सेकंदांचं आहे. चौदा वर्षांत पहिल्यांदाच आख्खं वाजलं. त्या सहा मिनिटांत मला पुष्कळ काही करता आलं असतं. आवाज खाली ओढता आला असता. टेप तुटली म्हणता आलं असतं. दार उघडून खरं सांगता आलं असतं. मी कन्सोलवरची धूळ पुसली.

गाणं संपलं. चमनजींनी दोन्ही हातांनी हेडफोन कानावर घट्ट धरला. डोळे मिटले. एक बांगडी वाजली. एकच.

मग मी. मंगळवार पेठ, कोल्हापूर. नक्कल करू नये.

चमनजींनी डोळे उघडले. हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि ऑन एअर विचारलं, "ह्यो कोण?"

अबुजरनं काचेतून माझ्याकडं बघितलं. नाव तर मीच टेपवर सांगितलेलं. त्यानं म्हणायचं होतं की हाच तो. मी त्याच्या जागी असतो तर नक्की म्हटलं असतं. तो म्हणाला, "जुनी टेप हाय चाचा. कुणाच्या कुणाच्या हातातनं गेलीया. असंल कोणतरी." आणि पुन्हा म्हशीवर वळला.

ह्या माणसानं मला वाचवलं. हे मी त्याला कधीही माफ करणार नाही.

तिसरी खुर्ची रिकामीच राहिली.

सोमवार, १ डिसेंबर.

ताप असावा. थर्मामीटर नाही म्हणतो. संयोगिता विचारते, "ती बाई काय म्हणत हुती टेपवर?" मी म्हटलं, डोकं दुखतंय.

मंगळवार, २ डिसेंबर. संध्याकाळी ६.

मुरगूडला जाऊन आलो.

गिरणी चालू होती. पाच-सहा बाया डबे घेऊन उभ्या. मी पुढं होऊन सांगितलं की तो आवाज माझा आहे. चमनजींना ऐकू गेलं नसावं असं वाटलं, पण त्यांनी गिरणी बंद केली. एकदम सगळं शांत. मग सगळं पुन्हा सांगावं लागलं, त्या बायांच्या देखत. कॅसेट पुढं केली. त्यांनी ती घेतली नाही.

ओरडले असते तर बरं झालं असतं. उत्तर तयार होतं माझं.

त्यांनी स्वतःचं स्टूल पुसून मला बसायला दिलं. आपण पोत्यावर टेकले. म्हणाले, "पुसायच्या आधी तुमी ऐकलावता न्हवं तिचा आवाज?"

"हो," मी म्हटलं.

"किती बारी?"

मी म्हटलं, शेकडो वेळा.

"म्हंजे आता जगात तुमीच एकटे," ते म्हणाले. जवळ सरकले. "मला सबूद आठवत न्हाईत. आवाजबी पुसट झालाय. जरा सांगा की, काय म्हणाली? कशी म्हणाली?"

चौदा वर्षं मी ह्याच खुर्चीसाठी झगडत होतो. समोर चमन मुजावर, माझ्या तोंडाकडे बघत. अबुजर नाही, मॅडम नाहीत, मध्ये काच नाही. फक्त मी.

आठवून बघितलं. बांगड्या आठवल्या. भांड्याचा आवाज आठवला. बाई बोलायला लागली की मी दर वेळी कॅसेट उलटी फिरवायला घेत असे, ते आठवलं.

शेवटी म्हटलं, "चहा गार होतोय, असं काहीतरी." माझ्याच आवाजात.

त्यांनी मान तिरकी करून, अगदी मन लावून ऐकलं.

"न्हाय," म्हणाले. "अशी न्हवती बोलत ती."

मग उठले आणि पुढच्या बाईचा डबा घेतला.