पवनचक्कीवरचा लाल दिवा

चि. इंद्रजीत,

काल खंडेनवमी. तुझ्या दाजींनी पवनचक्कीवर राखणीला असताना तिथंच पूजा मांडली. "आज हिलाबी सुट्टी," म्हणत मेन स्विच पाडला. पाती थांबली, पण टोकावरचा लाल दिवाबी विझला. अंधार पडलेला. मी हळदकुंकू लावत होते, तेवढ्यात घाटातून पेशंट नेणाऱ्या तुझ्या हेलिकॉप्टरचा आवाज आला. लई खाली होतास. ताट टाकून मी स्विच वर केला. दिवा लागला अन् तू वळून गेलास.

हे पत्र तुला धाडणार नाय. दाजींना जन्मभर बोलशील.

आज सकाळी फोनवर म्हणालास, "ताई, तुमचा दिवा दिसला की घर दिसल्यासारखं वाटतं."

मी नुसतं व्हय म्हणाले.

तुझी,
राजनंदिनीताई