बॉक्सरच्या डोक्याची लांबी

१४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे मजेत, तुमच्याकडेही तसंच असेल असं धरून चालतो. आईच्या गुडघ्याचं तुला कळत असतंच. शेजारणीकडे तुरुतुरु चालत जाते आणि परत आणायला मात्र मला बोलावते. लेक वर्गात पहिली आली, शेवटून नव्हे, खरोखर.

मोजणीच्या खोलीत कुत्री तशीच नखरेल. परवा एका डाशहुंडची छाती मोजायला घेतली, तर पठ्ठ्याने टेपच चावली, सदतीस सेंटिमीटरपर्यंत. पंचेचाळीस जातींचा आपला तक्ता पुरा होत आलाय: उंची, छाती, जिवंत कुत्र्याचं डोकं आणि संग्रहातली कवटी. पुढच्या महिन्यात छापायला जाईल. काम आवडतं, भूक लागते, झोप लागते. सुखात आहे म्हणायचं.

आता इकडचं तिकडचं पुरे. दोन वर्षांनी पत्र लिहिणारा भाऊ गुडघ्याचं सांगायला बसलेला नाही, हे तू ओळखलंच असशील.

आपला तो म्हातारा बॉक्सर कुत्रा, मोजायला टेबलावर चढवला की झोपणारा, गेल्या वर्षी गेला. मालकिणीने शरीर आपल्याला दिलं. सोमवारी कवटी साफ होऊन आली. मोजली, तर सतरा पूर्णांक आठ सेंटिमीटर. तो जिवंत असताना तू डोकं मोजलंस ते अठरा पूर्णांक तीन, आणि मी मोजलं ते एकोणीस पूर्णांक नऊ. कातडी आणि नाकाचा अर्धा सेंटिमीटर धरला तर तुझा आकडा चोख बसतो. माझा वरचा एक पूर्णांक सहा कुठून आला, ते शोधत तासभर बसलो. मग खालचा जबडा कवटीला लावून पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला. बॉक्सरचा खालचा जबडा नाकाच्याही पुढे येतो. माझा कॅलिपर, म्हणजे मोजायचा चिमटा, नाकाला टेकतच नव्हता, हनुवटीला अडत होता. चपट्या तोंडाच्या सगळ्या कुत्र्यांत मी हेच केलंय.

आणि दोन वर्षांपूर्वी आपले आकडे जुळेनात तेव्हा भर बैठकीत, मोठ्या डॉक्टरांसमोर, मी म्हणालो होतो, "ताई आकडे अंदाजे लिहिते."

तू वही मिटून ठेवलीस. पंधरा दिवसांनी राजीनामा दिलास. मला वाटलं, चूक पकडली गेली म्हणून गेलीस. मी इथे हनुवट्या मोजत राहिलो आणि तू चष्म्याच्या दुकानात लोकांची नाकं मोजायला लागलीस.

काल आकडे पुन्हा ताडून पाहायला तुझी जुनी वही काढली. बैठकीच्या आदल्या दिवशीच्या पानावर, समासात, पेन्सिलने लिहिलंय: 'धाकटा हनुवटी धरतोय. एकट्याला गाठून सांगायचं. आधी त्याची नोकरी कायम होऊ दे.'

माझी नोकरी त्याच महिन्यात कायम झाली. ताई, मला फार लाज वाटली. अजून वाटतेय.

आज सकाळी त्याच माणसांसमोर कवटी ठेवली आणि सगळं सांगितलं. हसले थोडे, हसू देत. मोठे डॉक्टर म्हणाले, "तिला विचारा, परत येते का." तुझे आकडे तक्त्यात परत घातलेत, आणि नावही तुझं वर आहे.

कामावर यायचं की नाही ते तू ठरव. पण दोन वर्षं तू आईला भेटायला येतेस ते मी घरी नसतो तेव्हाच, हे मला कळत नाही असं नाही. या रविवारी मी दिवसभर घरात आहे. तरीही ये.

चूक कबूल असलेला,
तुझा धाकटा