चंद्राबाईंचा मानाचा वाळा

प्रति,
मा. प्रांताधिकारीसाहेब,
तथा अध्यक्ष, शहर स्मृती प्रदर्शन समिती,
सातारा.

अर्जदार : श्रीमती चंद्राबाई आकाराम कोठीकर, वय अंदाजे बासष्ट, धंदा घरकाम व दोन म्हशी, राहणार कोठीचा बोळ, राजवाड्यामागे, सातारा.

विषय : प्रदर्शनातील पितळी वाळ्याच्या चिठ्ठीवरून अर्जदाराचे नाव काढून टाकणेबाबत, तसेच मागाहून घातलेल्या कलम ८ व ९ मधील मजकुराबाबत, अत्यंत तातडीने.

संदर्भ : समितीची पावती क्रमांक ११२, दिनांक २० एप्रिल १९७४.

महोदय,

अर्जदार बाईंना लिहितावाचता येत नाही, आणि आज त्यांना धड बोलताही येत नाही इतक्या त्या घाबरल्या आहेत. म्हणून त्यांचे म्हणणे कचेरीच्या आवारात बसणारा अर्जलेखक कोंडीबा शेवाळे याने ऐकून लिहिले आहे. जिथे त्यांचे बोलणे कागदी भाषेत बसेना, तिथे ते जसेच्या तसे ठेवले आहे. अर्जलेखक बावीस वर्षे अर्ज लिहितो. वस्तू परत मिळावी, नाव लागावे, मान मिळावा असे अर्ज त्याने ढिगाने लिहिले. नाव पुसावे म्हणून हातापाया पडणारा अर्जदार त्याला पहिल्यांदाच भेटला. तरी साहेबांनी शेवटपर्यंत वाचावे ही विनंती.

१. सदर वाळा अर्जदारांच्या घरी किती पिढ्या आहे हे कोणालाच सांगता येत नाही. तो देव्हाऱ्यात टाकांच्या शेजारी असे. नवी सून आली की उंबऱ्याबाहेर तिच्या डाव्या पावलाला तो टेकवायचा आणि मगच तिने माप ओलांडायचे, अशी घरची रीत. अर्जदार तेराव्या वर्षी या घरात आल्या तेव्हा सासूने सांगितले, की आपले मूळपुरुष सरकारी कोठीचे कारभारी होते आणि राणीसाहेबांनी त्यांच्यावर खूश होऊन स्वतःच्या पायातला वाळा काढून दिला. वाळा एवढासा कसा, असे अर्जदारांनी विचारले होते. सासू म्हणाली, "राणीचं पाऊल त्ये. तुझ्यागत शेणात थोडंच फिरत हुतं?" त्यावर अर्जदारांनी पुन्हा कधी काही विचारले नाही.

२. चैत्रात समितीने जुन्या वस्तू मागवल्याची दवंडी झाली. अर्जदारांकडे कोणी मागायला आले नव्हते. त्या आपल्या पायांनी चालत, वाळा नव्या खणात गुंडाळून, हळदकुंकू लावून घेऊन गेल्या. या गोष्टीवरून त्या आज स्वतःला थोबाडीत मारून घेत आहेत, आणि हे अर्जलेखकाने डोळ्यांनी पाहिले आहे. पुण्याहून आलेल्या संशोधक साहेबांनी वाळा भिंगाखाली धरला, आतल्या बाजूची मोडी अक्षरे वाचली, दोऱ्याने माप घेतले आणि घरची रीतभात विचारली. अर्जदारांनी विचारले ते सांगितले आणि न विचारलेलेही सांगितले. "आवं, लय गोड बोलत हुता त्यो. मला काय ठावं, माझ्याच तोंडानं माझं घर उघडं करतुया म्हनून!" साहेब म्हणाले, बाई, अशी वस्तू फार थोड्या ठिकाणी शिल्लक आहे. अर्जदारांनी येताना मोती चौकातून अर्धा किलो कंदी पेढे घेतले आणि बोळात वाटले.

३. अर्जदारांची थोरली नात अनुसया हिचे लग्न इस्लामपूरजवळच्या एका ऊसबागायतदार घरातील कृष्णात यांच्याशी ठरले असून हळद येत्या सोमवारी आहे. मुलीचा बाप अर्जुना पलटणीत, त्याची रजा अजून मंजूर नाही. म्हणजे सगळी जबाबदारी या म्हातारीवर. नवऱ्या मुलाची आई मनुबाई यांना राणीच्या वाळ्याची हकीकत सुपारीच्या वेळीच सांगितली होती. ती ऐकून त्यांनी मुलीच्या रंगाबद्दल काढलेला विषय तिथेच मिटवला. पुढे त्यांनी ती हकीकत सबंध गावाला सांगितली. आता त्या वीस माणसे घेऊन उद्याच्या उद्घाटनाला येणार आहेत. आज चारच्या एस. टी. ने त्या उतरतील.

४. गेल्या शुक्रवारी समितीकडून प्रदर्शनाची छापील यादी आणि वाळ्यापुढे ठेवायच्या चिठ्ठीची प्रत आली. बोळातल्या एका शिक्षकांनी ती वाचून दाखवली. निम्म्यावर आल्यावर त्यांनी आवाज उतरवला, मग दार लोटून घेतले आणि मग पुढचे वाचले. मजकूर असा : "सरकारी कोठीकडील कुणबिणीच्या पायातील खूणवाळा. अक्षरे : कोठी, चौदा. दळण, कांडण, सारवण यासाठी विकत घेतलेल्या अगर धरून आणलेल्या बायकांच्या पायांत असे वाळे घालीत. वाळ्यावर नाव नसून फक्त आकडा असे. ठेव : श्रीमती चंद्राबाई आकाराम कोठीकर, यांच्या वंशपरंपरेने."

अर्जदारांना तो शब्द समजावून सांगावा लागला नाही. त्यांच्या बोळात भांडण अगदी हातघाईवर आले की शेवटची शिवी हीच देतात. "आजवर ती शिवी मीबी दिली हाय," असे त्या म्हणाल्या. ही राजधानी होती, इथे किती घोडे होते, किती हत्ती होते, हे शाळेतले पोरही सांगते. त्या सगळ्यांचे पीठ कोणी दळले, हे सांगणारा मात्र अर्जलेखकाला पन्नास वर्षांत भेटला नाही, आणि भेटला तेव्हा त्याने या म्हातारीच्या नावाची चिठ्ठी लिहिली. शुक्रवारपासून अर्जदार पाणीही पहाटेच्या अंधारात भरतात. रस्त्यात कोणी हसले तरी ते आपल्यालाच हसले, असे त्यांना वाटते.

५. सबब अर्जदारांच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

(अ) वाळा परत द्यावा. समितीच्या कारकुनांनी सांगितले, की यादीत क्रमांक पडला, आता ब्रह्मदेव आला तरी वस्तू हलणार नाही.

(ब) तसे होत नसेल तर चिठ्ठीवरून अर्जदारांचे नाव काढावे व मजकूर बदलावा. वाळा राणीसाहेबांचा नाही हे अर्जदार मान्य करतात. तो वासराच्या पायातला होता, असे लिहिण्यास त्यांची हरकत नाही. माकडाचा म्हटले तरी चालेल.

(क) तेही होत नसेल तर सदर वाळा अर्जदारांनी चोरला असे समजून त्यांना अटक करावी. कोणाच्या घरून चोरला ते साहेबांनीच ठरवावे. अर्जदार कबूल होतील व अंगठा देतील. अर्जलेखकाने त्यांना समजावले, की बाई, यात तुरुंग आहे. त्या म्हणाल्या, "असूंद्या. चोराच्या नातीचं लगीन हुतं. हिचं हुनार न्हाई."

६. आता जे लिहायचे आहे ते लिहू नये असे अर्जलेखकाचे मत होते, पण अर्जदारांनी शपथ घातली.

चिठ्ठीची बातमी बोळात पसरली त्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, एक बाई ताक मागायच्या निमित्ताने अर्जदारांकडे आली आणि पदराखालून एक वाळा काढून तिने चुलीपाशी ठेवला. तसाच, पितळी, तेवढाच. म्हणाली, "संशोधक आता आमच्या दारात यील. तुजं तर गेलंच हाय चंद्राक्का, ह्योबी तुझ्याकडंच ऱ्हाऊं दे." संध्याकाळपर्यंत दुसरी आली. सोमवारपर्यंत नऊ झाल्या. त्यांतली एक अशा घरची आहे, जिथे अर्जदारांना आजवर ओसरीच्या वर बसू दिलेले नाही. ती बाई मागच्या दाराने आली आणि जाताना अर्जदारांच्या पाया पडली. प्रत्येक घराने आपापली गोष्ट रचली होती. एकीकडे तो राणीचा होता, एकीकडे गुरुमहाराजांनी दिलेला, एकीकडे लढाईत लुटून आणलेला. वाळा मात्र सगळीकडे एकाच मापाचा. अर्जलेखकाला वडिलांनी मोडी शिकवली असल्याने त्याने आज, अर्जदारांनी पदराखाली बांधून आणलेले, आठ पाहिले; नववा घरी राहिला, असे त्या म्हणाल्या. कोठी तीन, कोठी नऊ, कोठी सतरा. नाव एकावरही नाही.

हे नऊ वाळे अर्जदारांनी जोंधळ्याच्या कणगीत लपवले होते. साहेबांनी कृपा करून झडती घेऊ नये व त्या बायकांची नावे विचारू नयेत. अर्जदार ती सांगणार नाहीत. आपल्या एकटीच्या अब्रूला त्या भीत होत्या, त्यात आता नऊ घरांची भर पडली आहे.

७. इथवर लिहून होईपर्यंत अर्जदारांची धाकटी नात रंगू, वय सात, त्यांच्या शेजारी बसून होती. पोर इतका वेळ गप्प कशी, म्हणून अर्जलेखकाने तिला लिंबाची गोळी दिली. ती घ्यायला पोर उठली नाही. तिच्या डाव्या पायावर आजीने पदर टाकला होता. अर्जलेखकाने तो बाजूला केला.

तो नववा वाळा पायात होता. कोठी एकवीस.

काल दुपारी पोरीने कणगीत हात घातला, वाळा काढला आणि खेळता खेळता पायात घालून मिटला. हे वाळे दोन अर्धांचे, बिजागरीचे असतात. मिटले की आत कळ बसते. घरोघरच्या रीतीत वाळा पावलाला नुसता टेकवायचा, मिटायचा नाही, असे का होते ते तेव्हा कळले. उघडायला किल्ली लागते आणि किल्ली कोणाच्याच देव्हाऱ्यात नाही. तेल लावले, साबण लावला, दोरा गुंडाळून पाहिला. रात्रीत पाऊल सुजले. आज सकाळी त्या सगळ्या बायका जमल्या होत्या. वाळा पोरीच्या पायाला जसा काही मापाने केलेला बसला होता, ना सैल ना घट्ट, सुजण्याआधी. हे अर्जदारांकडून ऐकताच एकीने पोरीचे पाऊल मांडीवर घेतले. मग अर्जदार म्हणाल्या, आणि हे त्यांनी अर्जलेखकाला दोनदा लिहायला सांगितले : "इतकी वर्सं आमी राणीचं नाजूक पाऊल म्हनत हुतो. ती पोर हुती वं. आमच्या रंगूएवढी पोर हुती."

दवाखान्यात का नेले नाही, असे अर्जलेखक त्यांच्यावर ओरडला. त्या म्हणाल्या, "तितं कागद करत्यात. पायात काय हाय म्हनून लिवत्यात. ह्यो अर्ज आदी हुंदे, म्हनलं, मग बगू." साहेब, भीतीने माणसाचे काय होते ते यावरून समजून घ्यावे. या बाई वाईट नाहीत.

८. अर्जलेखकाने लेखणी ठेवली, पोरीला खांद्यावर घेतले व दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पाहून सांगितले, की बोटे गार पडू लागली आहेत, संध्याकाळच्या आत हे निघाले पाहिजे, कापायला आमच्याकडे हत्यार नाही, लोहार गाठा. लोहाराचे दुकान भर चौकात, समोर कायम दहा माणसे बसलेली. अर्जदार कोपऱ्यापर्यंत आल्या आणि तिथे त्यांचे पाय थबकले. मग पोर "आज्जे" म्हणून रडली, तेव्हा त्या चालत आल्या आणि सगळ्यांसमोर पदर बाजूला करून त्यांनी तो पाय लोहारापुढे धरला. लोहाराने पुष्कळ वेळ पाहिले. म्हणाला, "वाळा कातड्यात रुतलाय. करवत लावली तर आदी पाय कापंल. तापवायचं तर नावच काडू नगा. किल्ली घावली तर बगा, न्हाईतर माझ्या हातात काय न्हाई."

९. समितीच्या छापील यादीत, शोकेस क्रमांक तीन, अशी नोंद अर्जलेखकाने वाचली आहे : "जुन्या कोठीकडील किल्ल्यांचा जुडगा, नग सत्तावीस." त्यांत लहान किल्ल्या सात आहेत. प्रदर्शनाच्या सभागृहाला उद्याच्या उद्घाटनापर्यंत आपल्या कचेरीचे सील आहे व ते आपल्या हुकमावाचून कोणालाही काढता येत नाही.

सबब प्रार्थना अशी, की कलम ५ मधील तिन्ही मागण्या रद्द समजाव्यात. वाळा परत नको, चिठ्ठी बदलायला नको, अटकही नको. साहेबांनी सभागृहाचे सील या क्षणी काढण्याचा हुकूम द्यावा व त्या किल्ल्या एकेक करून मुलीच्या पायातील वाळ्याला लावून पाहाव्यात. सभागृहाचे दार स्टँडच्या रस्त्यावर आहे आणि पाहुण्यांची गाडी तिथूनच येणार, हे अर्जदारांना माहीत आहे. अर्जलेखकाने तशी आठवण करून दिली तेव्हा त्यांनी पोरीच्या पायावर पुन्हा पदर ओढला. तरीही त्यांनी सांगितलेले शेवटचे वाक्य असे : "मनुबाईला बगूं द्या. लगीन मोडलं तर मोडूं द्या. चिठ्ठीवर काय लिवायचं त्ये लिवा, माजं नाव मोट्या अक्षरानं लिवा. पर आदी पोरीचा पाय सोडवा."

आपल्या कचेरीच्या पायरीवर पोरीला मांडीवर घेऊन बसलेली,
आपली नम्र,

(डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी)
चंद्राबाई आकाराम कोठीकर

निशाणी समक्ष केली : कोंडीबा शेवाळे, अर्जलेखक
सातारा, बुधवार, दिनांक ५ जून १९७४, दुपारी तीन वाजता

सोबत :
१. पावती क्रमांक ११२.
२. चिठ्ठीची प्रत व छापील यादी.
३. मुलगी रंगू अर्जुना कोठीकर, वय सात, समक्ष.