चुन्याच्या टाकीसाठी व्हायब्रेटर

पनवेल, बुधवार संध्याकाळ

आज मी चुकले. इथे तरी सरळ लिहून टाकते.

तळोज्याच्या आमच्या कारखान्यात चुन्याच्या पुडीची उंच टाकी आहे. पूड तळाशी अडकली की म्हात्रेकाका शिडीवर चढून पत्र्यावर हातोडा मारतात. गेल्या महिन्यात त्यांचा खांदा असा भरला की हात वर जाईना. म्हणून पत्र्याला बाहेरून बसवायचा व्हायब्रेटर निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी सगळ्यांत मोठा निवडला. ताकद जास्त तेवढी बरी, दुसरं काय? आज विक्रेत्याने तोच चाचणीला आणला. पाच मिनिटं चालवला, मग मी खालचं झाकण उघडायला लावलं. पूड येईना. आत दगडासारखी बसलेली.

ती मोकळी करायला पुन्हा काकाच चढले. तोच दुखरा खांदा घेऊन. मला खाली बघवेना, वरही बघवेना.

उतरल्यावर म्हणाले, "मॅडम, झाकण बंद ठेवून हलवलं तर पूड दबनारच. तिला जायला वाट नको?"

दुपारी विक्रेत्याकडूनच लहान व्हायब्रेटर आणवून लावला. आधी झाकण उघडलं, मग थोडा थोडा वेळ चालवला. पूड सरसर उतरली. आता लहानच मागवायचा, आणि झाकण बंद असताना तो सुरूच होणार नाही अशी जोडणी करून घ्यायची.

"काका, हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं नाय."

खरं आहे. महिनाभर मी फक्त व्हायब्रेटरच्या ताकदीचे तक्ते वाचत बसले होते.