ब्रेकचा दिवा कोणी पाहायचा?

चि. बाळोबास (टक्कल पडलं तरी घरातला धाकटा तो धाकटाच),

ताईचे आशीर्वाद. रागात असले तरी आशीर्वाद द्यायची पद्धत मी मोडलेली नाही, हे लक्षात असू दे. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो असं कानावर आलं. तुझ्या बायकोला मी विचारल्याचं सांग. माझी तब्येत ठणठणीत आहे आणि गाडीची माझ्याहून ठणठणीत. हे मुद्दाम लिहिते, कारण त्या दिवशी भरल्या ताटावर, सगळ्यांच्या देखत तू म्हणालास, "ताई, आता गाडी विकून टाक." कशावरून, तर तुझ्या फाटकाला जराशी घासली! फाटक आपल्या जागीच होतं, मान्य. पण ते इतकं पुढे बसवायला कोणी सांगितलं होतं? तेव्हाच मी तुला बजावलं की माझ्या गाडीला पुन्हा हात लावायचा नाही, आणि तू जो गेलास तो आजतागायत इकडे फिरकला नाहीस. आमचं काही अडलेलं नाही.

दर रविवारची तपासणी आता माझी मीच करते. इंजिन गार असताना बॉनेट उघडायचं, ऑइलची काडी पुसून पुन्हा बुडवून पाहायची, रेडिएटरचं पाणी बघायचं, बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी जुन्या टूथब्रशने घासायची, चारी चाकांची हवा (आणि स्टेपनीची, जी तू कायम विसरायचास). वायपरची रबरंही मीच बदलली. त्यातलं एक उलटं बसलेलं निघालं. कोणी बसवलं होतं ते मी लिहीत नाही. राहतो तो फक्त ब्रेकचा दिवा. ब्रेक दाबायचा पुढे बसून आणि दिवा लागणार मागे! ही योजना ज्याने केली त्याला स्वाभिमानी माणसांची काही कल्पनाच नसावी. इतकी वर्षं मी ब्रेक दाबायची आणि मागून तू ओरडायचास, ते वेगळं.

आधी मी फरशी पुसायच्या दांड्याचं एक टोक ब्रेकवर आणि दुसरं सीटला टेकवलं. मागे जाऊन वाकते न वाकते तोच दांडा सटकला आणि वरचं टोक हॉर्नवर जाऊन बसलं. सगळी गल्ली खिडक्यांत आली. समोरच्या डॉक्टरीणबाई तर बॅग घेऊनच खाली उतरल्या. (त्यांना मी सांगितलं, हॉर्न तपासत होते, उत्तम चालतो.) मग शिंप्याच्या दुकानासमोर गाडी उलटी नेली, म्हणजे त्याच्या काचेत उमटलेले माझे दिवे मला आरशात दिसतील. दिसलेही, दोन लाल ठिपके. मी खूश. तेवढ्यात शिंप्याने घाबरून लाल झगा घातलेला पुतळा आत ओढला आणि ठिपका एकच उरला. घरी येऊन दोन्हीकडचे बल्ब नवे घातले (मीच), पण लागतात की नाही हे पुन्हा पाहायचं कोणी? गॅरेजवाला दिवा पाहायला म्हणून गाडी आत घेतो आणि क्लच हातात घेऊन बाहेर येतो.

शेवटी तुझ्या भाऊजींना मागे उभं केलं. "लागला का?" "लागला." "दोन्ही?" "दोन्ही. छान लागले." मी तेव्हा सीटवर मांडी घालून बसले होते, ब्रेकला पायसुद्धा लावला नव्हता. हा माणूस जन्मभर माझ्या प्रत्येक गोष्टीला असाच हो म्हणत आला. त्याने घर शांत राहिलं हे खरं, पण ब्रेकचा दिवा असा तपासता येत नाही.

तेव्हा सगळं उत्तम चाललं आहे, गाडी विकली जाणार नाही आणि मला कोणाचीही गरज नाही, एवढं कळवून पत्र पुरं करते.

तुझी (आणि फाटकाला न जुमानणारी)
ताई

ता. क. : रविवारी सकाळी ये. तुझं तोंड फटकळ आहे, पण न लागलेल्या दिव्याला ते लागला म्हणणार नाही, आणि तसं तोंड या घरात दुसरं नाही. मागे उभा राहा. दिवा लागला नाही तर नाही म्हण. फक्त दिव्याबद्दल. गुडघा दुखत असेल तर मी न्यायला येते, फाटकापासून लांब थांबेन.

आणखी एक ता. क. : हे पत्र यांना वाचून दाखवलं. विचारलं, "यावरून मला त्याची आठवण येते असं वाटतं का हो?" म्हणाले, "छे, अजिबात नाही." यांच्या बोलण्यावर किती विसंबायचं, ते वर लिहिलंच आहे.