वाळूची गोणी

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार

आले एकदाची शहाडला. सूरजने गाडीतून सामान पोचवलं. दोन बॅगा, आईची शिवणाची पेटी आणि माझी लोखंडी कढई. चौदाव्या मजल्यावरचं घर बघून तो म्हणाला, ताई, तू कामाला आलीयेस की हवापालटाला? खरंच छान घर आहे. हॉलला भिंतभर खिडकी आणि खाली उल्हास नदीचं मोठं वळण. टॉवर नवाच आहे. या मजल्यावरचे बाकी तिन्ही फ्लॅट अजून कुलपात आहेत, त्यामुळे वाऱ्याशिवाय कसला आवाज नाही.

घर हरिहरकाकांचं. ते जूनमध्ये इस्पितळात वारले. त्यांचा मुलगा अनिमेष कॅनडात असतो, त्यानेच मला हे काम दिलं. काकांनी आयुष्यभर जमवलेली जुन्या विमानांची कागदपत्रं एका संग्रहालयाला द्यायची आहेत. त्याआधी सगळ्याची यादी आणि प्रत्येक फायलीचं मराठीत टिपण करायचं, तीन महिन्यांत. राहणंही इथेच. बावीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात याद्याच केल्या, तेव्हा कामाची भीती नाही. आणि आई गेल्यापासून माजिवड्याच्या घरात माझं असं काही काम उरलं नव्हतं.

संध्याकाळी पिठलंभात केला. नव्या घरातलं पहिलं जेवण. छान झाला होता.

७ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी शालन आली. काकांकडेही हीच केरफरशी करायची. चाळिशीची, बोलकी बाई, आंबिवलीहून येते. तिच्यामुळे घरात जरा बोलणं झालं.

हॉलमध्ये काकांनी एक विचित्र मांडणी करून ठेवली आहे. खिडकीकडे तोंड केलेल्या वेताच्या दोन खुर्च्या, शेजारी शेजारी नाही, एकीमागे एक. पुढच्या खुर्चीत वाळूने भरलेली गोणी, चामडी पट्ट्याने खुर्चीला बांधलेली. मी आधी चादर पांघरून कुणी बसलंय असंच समजले. गोणी एका कोपऱ्यात उसवली आहे. पंखा लावला की फरशीभर वाळू होते आणि ती कागदांवरही येते. अनिमेषला मेसेज केला, तर म्हणाला की बाबांचं काहीतरी खूळ होतं, खुशाल काढून टाका. शालन म्हणाली, काका मला त्या गोणीला हात लावू द्यायचे नाहीत. मग वॉचमन भगवानला बोलावलं. त्याने हातगाडीवरून ती खाली नेली.

हॉल लगेच मोठा वाटायला लागला. दुपारी मागच्या खुर्चीत बसून चहा घेतला.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

कामाची गोडी लागली आहे. मला वाटलं होतं विमानांची चित्रं आणि तिकिटं असतील. पण काकांनी एकच विषय धरला होता. नव्वद-शंभर वर्षांपूर्वी विमान विकत घेतलं की ते कारखान्यापासून गिऱ्हाइकापर्यंत उडवतच आणावं लागे. त्यासाठी भाड्याने वैमानिक ठेवत. लाकडी सांगाडा, वर कापड, एक इंजिन, उघड्यावर बसायचं. इंग्लंडहून निघालं की पंधरा-वीस दिवसांनी कराची, मग जोधपूर, अहमदाबाद, मुंबई. त्यातली कितीतरी विमानं पोचलीच नाहीत. काकांच्या फायली म्हणजे त्या न पोचलेल्यांच्या.

विमानात जागा दोन, एकीमागे एक. वैमानिक मागे बसे. पुढची जागा रिकामी राहिली तर तोल बिघडतो, म्हणून तिथे वाळूची गोणी बांधत. तेव्हा हॉलमधल्या खुर्च्यांचा उलगडा झाला. काका इथे बसून बहुधा मनाने उडत असावेत. हसू आलं, आणि जरा वाईटही वाटलं. बायको गेल्यावर नऊ वर्षं ते एकटे होते.

ही पोरं पंचवीस-सव्वीस वर्षांची. वीस वीस दिवस समोर फक्त एक गोणी. एकाने घरच्या पत्रात लिहिलं आहे की आज सहा दिवसांनी मी माझाच आवाज ऐकला. आठवून पाहिलं, मीही कालपासून शालनखेरीज कुणाशी बोललेले नव्हते.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

बरं चाललं आहे. दुपारी शालन गेल्यावर घर पूर्वी अंगावर यायचं, आता येत नाही. आई असताना तिच्या खोलीत ती नुसती पडून असायची, तरी घरात माणूस आहे हे कळायचं. तसं काहीसं. मी फाइल वाचते आणि मधेच मोठ्याने सांगते की बघा, हा बिचारा इराकात बसऱ्याला तापाने आठ दिवस पडला होता. कुणाला सांगते कोण जाणे. पण सांगून बरं वाटतं.

आज चहाचे दोन कप केले. सवय. आईच्या वेळची.

१८ ऑक्टोबर, शनिवार

जे झालं ते नीट लिहिते. दुपारी सव्वाबारा, लख्ख ऊन. मी स्वयंपाकघरातून हॉलमध्ये येत होते. पुढच्या खुर्चीत कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. डोक्याला घट्ट बसणारी चामडी टोपी, तिच्याखाली मानेचा थोडा भाग, उन्हाने रापलेला. खिडकीबाहेर नदीकडे बघत होता. मी उभीच राहिले. दोन मिनिटं असेन. मग कुकरची शिट्टी झाली, मी वळून पाहिलं आणि परत पाहिलं तेव्हा खुर्ची रिकामी होती.

भीती वाटायला हवी होती. पण मला एवढंच वाटलं की जेवायच्या वेळेला उठून गेला.

वाचन जास्त झालंय. उद्या सुट्टी घेईन.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. खालच्या मजल्यांवर माळा, फटाके. मी दारात दोन पणत्या लावल्या. उर्वीने फोन केला, सूरजची मुलगी. आत्या, एकटी काय करतेस तिकडे, ये ना. मी म्हटलं, एकटी कुठे आहे.

ती हसली. मी हसले नाही. कारण मी ते गमतीत म्हटलं नव्हतं.

तो आता रोज असतो. शालन गेली की ऊन उतरेपर्यंत. बोलत नाही, वळत नाही. मी मागे बसून फायली वाचते, तो पुढे बसून ऐकतो. इतक्या मन लावून माझं कुणी ऐकलेलं नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. सूरज सकाळी निघणार होता, मी फोन करून नको म्हटलं. पाहुणे आहेत असं सांगितलं. कोण पाहुणे, ताई? मी फोन ठेवला. अठ्ठेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याला ओवाळलं नाही, आणि मला त्याचं काही वाटलंही नाही. हे लिहिताना वाटतंय.

दुपारी शेवटच्या कपाटातली फाइल उघडली. वर काकांच्या अक्षरात ‘उल्हास, १९३४’. हे विमान मुंबईला पोचवायचं होतं. धुरकट हवेत वाट चुकून इकडे आलं आणि शहाडजवळ नदीच्या गाळात नाक खुपसून पडलं. खिडकीतून दिसतं त्याच वळणावर. काकांनी म्हणूनच इथे घर घेतलं असणार. वैमानिक सव्वीस वर्षांचा, जागीच गेला.

चौकशीत अहमदाबादला विमान तपासणाऱ्या मिस्त्रीची जबानी आहे. निघताना साहेबाने पुढच्या जागेवरची गोणी स्वतः सोडून खाली टाकली. मिस्त्रीने विचारलं, गोणी नको का? साहेब म्हणाला, “तिथे माणूस बसला आहे, दिसत नाही का?” मिस्त्रीला कुणी दिसलं नाही.

वाचताना मी मोठ्याने वाचत होते. पुढे तो हलला. पहिल्यांदाच. ऐकताना माणूस मान जराशी कलती करतो, तशी.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

सगळ्या फायली पुन्हा काढल्या. जबान्याच बघितल्या. सात अपघात. सातही वेळा शेवटच्या मुक्कामावर वैमानिकाने गोणी उतरवली. एकाने म्हटलं, सोबत मिळाली. एकाने म्हटलं, आता वजन नको. चौकशीवाल्यांनी सगळीकडे एकच लिहिलंय, थकवा आणि दीर्घ एकांत.

शेवटच्या फायलीच्या पाठीमागे काकांची ओळ आहे. पेन्सिलीने. “फाइल घरी आणल्यापासून दिसतो. गोणी बांधली की बसत नाही. जागा रिकामी ठेवू नये.”

आणि मी दुसऱ्याच दिवशी ती काढली.

खाली धावत गेले. भगवान म्हणाला, वाळू तर गेली मॅडम, गच्चीच्या प्लास्टरला वापरली. गोणी फाटलेली होती, टाकून दिली. मग वर येऊन पुढच्या खुर्चीत तांदळाचं पोतं ठेवलं, त्यावर पुस्तकं, त्यावर आईची पेटी, आणि साडीने सगळं आवळून बांधलं. अनिमेषला फोन लावला. उचलत नाही, तिकडे पहाट असेल.

२५ ऑक्टोबर, शनिवार

पोतं भिंतीशी. पुस्तकं त्याच्या शेजारी, आकाराप्रमाणे लावलेली. साडी घडी करून ठेवलेली. आईच्या पेटीचं झाकण उघडं.

तो बसला आहे.

शालन तीन दिवस आली नाही, हे आज लक्षात आलं. इतके दिवस ती नाही हे मला जाणवलंच नाही. फोन केला. तिचा आवाज तुटक. “अहो ताई, मी बुधवारी आलेली की. तुम्हीच आतून बोललात, आजपासून येऊ नको, आम्ही दोघं आहोत. आवाज तुमचाच होता. मला काय, मी गेली परत.”

बुधवारी मी तिच्याशी बोललेले नाही. बेलसुद्धा ऐकली नाही.

मी तिला सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की ये, मला एकटीला इथे राहवत नाही. ती म्हणाली की पोरीला ताप आहे, सोमवारी अकराला येते, भगवानला पण वर घेऊन येते. तोवर भावाकडे जा.

जाते. बॅग भरली.

२६ ऑक्टोबर, रविवार

गेले नाही. जाता येत नाही. चप्पल घातली, दार उघडलं, लिफ्टचं बटण दाबलं हे आठवतं. मग मागच्या खुर्चीत बसलेली होते. पायात चपला. समोर नदी.

पुन्हा गेले. पुन्हा तेच —

सूरजला फोन केला. म्हणाला, अगं आत्ताच तर बोललो आपण. तू म्हणालीस छान चाललंय, येऊ नको. मी ओरडले की ती मी नव्हते. पण फोन आधीच कटला होता. की मी ओरडलेच नाही. आवाज येतोय की नाही मलाच कळत नाही.

माझी माणसं एकेक करून मीच उतरवली. आधी मी. आता तो उतरवतोय, माझ्या आवाजात —

२७ ऑक्टोबर, सोमवार

साडेदहा. खुर्चीतून उठता येत नाही. पाय जड नाहीत, नुसते ऐकत नाहीत. हात चालतो. म्हणून लिहिते.

ऊन आहे. नदी चकाकतेय. तो पुढे. टोपीची शिवण दिसते, मागून एक टाका तुटलेला.

त्याला विचारलं, काय हवंय. तो नदीकडेच बघत राहिला. त्यालाही बहुतेक काही नको आहे. नुसती सोबत —

अकराला पाच कमी. लिफ्ट थांबली. शालनचा आवाज. भगवानचाही. बोलत येतायत. देवा, किती बरं वाटलं —

बेल.

मी हाक मारली. तोंड उघडलं, पण आवाज —

पुढच्या खुर्चीतून आला. माझा. अगदी माझा, शांत, जरा हसरा. अगं शालन, कशाला आलीस, बरी आहे मी. आम्ही दोघं आहोत ना.

शालन बाहेरून विचारतेय, ताई, नक्की ना? दार उघडता का जरा?

नको गं, तो म्हणाला. जेवायला बसलोय.

ती भगवानला म्हणतेय, ठीक आहेत, बोलल्या ना. चपलांचे आवाज. लिफ्टकडे. मी डावा हात आपटतेय खुर्चीवर, वेताचा आवाज होत नाही, शालन, ते मी बोलले नाही, शालन, मी इथे मागे आ